थंड प्रदेशातल्या अंगणात बुटका विलो: लागवड, पाणी आणि छाटणी

कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग किंवा ब्रिटन येथे अंगणासह घर मिळाले की आपल्याकडची मंडळी पहिल्या उन्हाळ्यात टोमॅटो, मिरची आणि मेथी लावून मोकळी होतात. झुडपांचा विचार बहुधा पुढच्या वर्षी सुरू होतो, कारण तोवर बर्फ वितळल्यावर पाणी साचणारा, चिकणमातीचा आणि लावलेले काहीही नीट न येऊ देणारा एखादा कोपरा नजरेत भरलेला असतो. अशा जागी शोभेच्या अनेक झुडपांची मुळे कुजतात. विलोला मात्र तीच जागा मानवते. विलोचे बुटके, झुडूपवजा प्रकार ज्यांनी आजवर कधी लावलेले नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगून ठेवणे बरे: या झुडपाची निगा मुख्यतः दोनच गोष्टींवर अवलंबून असते, पहिले दोन उन्हाळे न चुकता पाणी आणि त्यानंतर दरवर्षी न कचरता केलेली छाटणी. खते, औषधे आणि खास विकत आणलेली माती यांचा क्रम फार मागे लागतो.

कोणता विलो घ्यावा

विलोच्या, म्हणजे सॅलिक्स या प्रजातीच्या, जगभरात सुमारे 400 जाती आहेत. त्यांत नदीकाठचे प्रचंड वृक्ष आहेत, तशीच उत्तर ध्रुवाजवळच्या आणि उंच पर्वतांवरच्या थंडीत जमिनीसरशी पसरणारी, जेमतेम काही सेंटिमीटर उंचीची सॅलिक्स हर्बेशिया ही जातही आहे. रोपवाटिकेत 'बुटका विलो' एवढेच विचारले तर समोर काय येईल याचा भरवसा नसतो, म्हणून लेबलवरचे शास्त्रीय नाव वाचूनच रोप घ्यावे.

नवख्या माणसाने सॅलिक्स पुर्पुरिया या जातीचे 'नाना' हे वाण निवडावे, असे मी सुचवेन. हे झुडूप साधारण 1 ते 1.5 मीटर उंच आणि जवळपास तितकेच रुंद होते. पाने अरुंद, वरून निळसर हिरवी आणि खालून फिकट असतात, कोवळ्या काड्यांवर जांभळट झाक असते आणि वारा आला की सगळे झुडूप एकदम रंग बदलल्यासारखे दिसते. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशातल्या झोन 3 मध्ये, म्हणजे जिथे पारा उणे 40 अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो तिथेही, ते टिकते. मूळ जात युरोपातली असून टोपल्या विणण्यासाठी ती तिथे पूर्वापार लावली जात असे, आणि त्याच कामासाठी ती उत्तर अमेरिकेत आली.

दुसरा लोकप्रिय प्रकार म्हणजे सॅलिक्स इंटेग्राचे 'हाकुरो निशिकी' हे जपानी वाण. त्याची नवी पाने गुलाबी, पांढरी आणि हिरवी अशी ठिपकेदार असतात, त्यामुळे दुकानात त्याच्यावरच नजर खिळते. ते सुंदर आहे यात वाद नाही, परंतु त्याची पाने दुपारच्या कडक उन्हात करपतात, आणि ते उंच खोडावर कलम केलेल्या स्वरूपात विकले जात असेल तर त्याची काळजी थोडी वेगळ्या रीतीने घ्यावी लागते, ती पुढे सांगितली आहे. ज्यांच्याकडे अंगण नसून केवळ दगडी वाफा किंवा उथळ कुंडी आहे, त्यांनी स्कॉटलंडच्या डोंगरात सापडलेला 'बॉयडी' हा संकर शोधावा. तो इतका सावकाश वाढतो की अनेक वर्षांनंतरही गुडघ्यापर्यंत पोचत नाही, आणि किंमतही त्या मानाने जास्त असते.

दोन ठिकाणच्या वाचकांनी मात्र रोप घेण्याआधी थांबावे. पहिले महाराष्ट्रातले. या झुडपांना हिवाळ्यात पाने गाळून पूर्ण विश्रांती घेण्याइतकी थंडी लागते, ती पुण्यात किंवा नागपुरात मिळत नाही. आपल्या नद्या-ओढ्यांच्या काठी वाढणारे वाळुंज हे याच प्रजातीतले झाड आहे आणि ओलसर जागेत ते उत्तम येते, पण तो वृक्ष आहे, झुडूप नव्हे. परदेशातून कुणा नातेवाइकाने विलोच्या काड्या बॅगेत घालून आणाव्यात हाही मार्ग नव्हे. भारतात लागवडीसाठी वनस्पती आणायच्या असतील तर 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. दुसरे वाचक ऑस्ट्रेलियातले. तिथे मोजके अपवाद सोडले तर विलोची सगळी प्रजातीच राष्ट्रीय महत्त्वाचे तण म्हणून घोषित आहे, कारण तुटलेल्या फांद्या पाण्याबरोबर वाहत जाऊन काठावर रुजतात आणि ओढे अडवतात. म्हणून मेलबर्न-सिडनीकडच्या मंडळींनी आपल्या राज्याचा नियम पाहिल्याशिवाय पुढचे वाचू नये. इतर देशांतही नैसर्गिक ओढ्याच्या अगदी काठावर हे झुडूप लावणे टाळावे.

जागा

दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीत झुडूप मरत नाही, पण विरळ आणि लांबुडके होते आणि पानांवर बुरशीचे रोग लवकर येतात. 'हाकुरो निशिकी'ला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली ही विभागणी सगळ्यात चांगली.

मातीबद्दल फारशी चिंता करण्याचे कारण नाही. जड चिकणमाती चालते आणि वसंत ऋतूत काही दिवस पाणी साचले तरी चालते. चालत नाही ती उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत सुकणारी जमीन. छपराच्या पन्हाळीचे पाणी जिथे उतरते किंवा तळघरातले पाणी उपसणारा पंप ज्या बाजूला पाणी सोडतो, ती घरापासून थोडी दूरची जागा या झुडपासाठी अगदी योग्य असते.

घरापासून दूर असे म्हटले त्यालाही कारण आहे. विलोची मुळे पाण्याच्या शोधात जातात आणि सांडपाण्याच्या जुन्या नळाला बारीक चीर असली तरी तिच्यातून आत शिरतात. बुटक्या प्रकाराची मुळे मोठ्या वृक्षाइतकी लांब जात नसली, तरी सांडपाण्याच्या नळांपासून आणि घराच्या पायापासून किमान तीन मीटर अंतर ठेवावे, आणि सेप्टिक टाकीच्या पाझर क्षेत्रावर तर हे झुडूप लावूच नये. खणण्याआधी जमिनीखालच्या गॅस, वीज आणि केबलच्या वाहिन्या कुठून गेल्या आहेत हे विचारून घ्यावे. अमेरिकेत त्यासाठी 811 हा क्रमांक आहे आणि ओंटारिओत 'ओंटारिओ वन कॉल' ही सेवा आहे. घरमालकाला त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि जमिनीवर रंगाच्या खुणा करून मिळतात.

लागवड

कुंडीतले रोप जमिनीतला बर्फ पूर्ण विरघळल्यावर वसंतात लावावे, किंवा मग शरदाच्या सुरुवातीला, जमीन गोठण्याआधी निदान सहा आठवडे हाताशी ठेवून. भर उन्हाळ्यात सवलतीत मिळालेले रोपही लावता येते, फक्त पाण्याची जबाबदारी दुप्पट होते.

1. रोप विकत घेतानाच ते कुंडीतून अलगद सरकवून मुळे पाहावीत. टोकाशी पांढरी, ताजी मुळे दिसली तर उत्तम. मुळे कुंडीच्या कडेने गोल गोल गुंडाळलेली असतील तर ती बोटांनी सोडवावीत, आणि फारच घट्ट झाली असतील तर गड्ड्याच्या बाजूंना तीन-चार उभे चिरे द्यावेत. मुळांना इजा होईल म्हणून इथे हात आखडू नये. गुंडाळलेली मुळे तशीच राहिली तर ती आजूबाजूच्या मातीत शिरत नाहीत आणि झुडूप वर्षानुवर्षे कुंडीत असल्यासारखेच जगते.

2. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद घ्यावा, पण खोली गड्ड्याइतकीच ठेवावी. चिकणमातीत फावड्याने खणलेल्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि सुकल्यावर कडक बनतात, म्हणून त्या फावड्याच्या टोकाने खरवडून घ्याव्यात.

3. रोप कुंडीत जितके खोल होते तितकेच खोल ठेवावे आणि खड्ड्यातून निघालेलीच माती ढेकळे फोडून परत भरावी. आपल्याकडे खड्डा शेणखताने भरण्याची पद्धत आहे, ती इथे वापरू नये. खड्ड्यात भुसभुशीत, श्रीमंत माती आणि बाहेर चिकण अशी रचना झाली की पाणी खड्ड्यातच साठते आणि मुळेही त्या सुखातून बाहेर पडत नाहीत.

4. भोवती मातीचे आळे करून सावकाश दहा-पंधरा लिटर पाणी द्यावे, माती बसली की वर आणखी थोडी टाकावी, आणि मग लाकडाच्या ढलप्या किंवा सालींचे 5 ते 8 सेंटिमीटर जाड आच्छादन पसरावे. आच्छादन खोडाला टेकता कामा नये. खोडाभोवती तळहाताएवढी जागा मोकळी ठेवावी.

कुंपण करायचे असेल तर दोन रोपांत 60 ते 90 सेंटिमीटर अंतर पुरते. सुटे झुडूप हवे असेल तर चारी बाजूंना दीड मीटर मोकळे सोडावे. पहिल्या वर्षी ते अंतर विचित्र वाटते, तिसऱ्या वर्षी वाटत नाही.

पहिले दोन उन्हाळे

विलो ओलाव्याचे झाड आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरीही नव्याने लावलेले विलो बहुधा तहानेनेच जातात. कारण सरळ आहे. जून उजाडेपर्यंत बर्फाचा ओलावा जमिनीत असतो, पाने तजेलदार असतात आणि आपण निर्धास्त होतो. जुलैत उष्म्याचे आठ-दहा दिवस लागून येतात, वरचा थर वाळतो आणि मुळे अजून त्या वरच्या थरातच असतात. तळाची पाने पिवळी पडून गळू लागतात. नवखा माणूस हा रोग समजून फवारणीचे औषध शोधत बसतो, आणि तेवढ्यात आणखी चार दिवस निघून जातात.

म्हणून लागवडीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून दोनदा, दर खेपेस दहा लिटरच्या आसपास पाणी बुंध्याशी सावकाश सोडावे. आच्छादन बाजूला सारून बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. हिरवळीसाठी लावलेल्या फवाऱ्यावर विसंबू नये, कारण त्याने पाने आणि वरचा एखादा इंच भिजतो, खाली काही पोचत नाही, आणि सतत ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा खोल पाणी पुरते. तिसऱ्या वर्षापासून ओलसर जागी लावलेले झुडूप आपले आपण भागवते, मात्र कोरड्या जागी लावले असेल तर पाण्यातून कायमची सुटका नाही. जमीन गोठण्याआधी शरदात एकदा भरपूर पाणी द्यायला विसरू नये.

खताविषयी थोडक्यात. वसंतात बुंध्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट पसरले की झाले. लॉनवरच्या गवतासाठी मिळणारे नत्रयुक्त खत या झुडपाला मुळीच घालू नये; त्याने लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर पहिला मावा बसतो.

छाटणी

इथेच बहुतेकांचा हात थरथरतो. वाढलेले, हिरवेगार झुडूप जमिनीलगत कापायचे ही कल्पना पटत नाही, म्हणून टोके तेवढी खुडली जातात, आणि चार-पाच वर्षांनी खाली नुसती जाड, उघडी लाकडे आणि वर पानांचा झुबका असे रूप होते. विलोचे वागणे उसाच्या खोडव्यासारखे असते: वरचा भाग कापून नेला की बुडख्यातून जोमदार फुटवे येतात. नव्या काडीचा रंग चांगला, पाने दाट आणि आकार आटोपशीर, हे तिन्ही फायदे छाटणीतूनच मिळतात.

छाटणीची वेळ हिवाळा सरताना, डोळे फुगण्याआधी असते; दक्षिण ओंटारिओत ती साधारण मार्चमध्ये येते आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडे फेब्रुवारीतच. कोरडा दिवस निवडावा. बोटाएवढ्या काड्यांना साधा सिकेटर चालतो, त्याहून जाड लाकडाला लांब दांड्याची कात्री किंवा छोटी करवत लागते. पाते धारदार हवे, आणि एका झुडपावरून दुसऱ्यावर जाताना ते स्पिरिटने पुसावे.

पहिली दोन वर्षे मोडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्यांपलीकडे काही कापू नये. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी सगळ्यात जुन्या, जाड आणि राखाडी झालेल्या फांद्यांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत काढाव्यात आणि उरलेल्यांची टोके हव्या त्या उंचीवर आणावीत. अशा रीतीने तीन वर्षांत सगळे झुडूप आतून नवे होते आणि कोणत्याही वर्षी उघडे पडत नाही. ज्या झुडपाकडे बरीच वर्षे कुणी पाहिलेले नाही, त्याच्यासाठी दुसरा उपाय आहे: सगळ्याच फांद्या 15 ते 20 सेंटिमीटरवर कापून टाकाव्यात. निरोगी मुळांवरचे झुडूप एका हंगामात कमरेच्या आसपास परत येते. त्या उन्हाळ्यात मात्र पाण्याची हयगय करू नये.

काप कुठे घ्यावा हे काडी हातात धरूनच कळते. काडीवर डोळे एकाआड एक असतील तर बाहेरच्या दिशेला पाहणाऱ्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्यापासून उतरता काप घ्यावा. 'नाना'च्या काडीवर मात्र बऱ्याचदा दोन डोळे जवळजवळ समोरासमोर असतात. तिथे तिरका काप दिला तर एक डोळा दुखावतो, म्हणून जोडीच्या वर सरळ आडवा काप द्यावा. लांब खुंट ठेवू नये, तो वाळतो आणि काडी तिथून खालपर्यंत वाळत जाते.

एक देवघेव लक्षात ठेवावी लागते. वसंताच्या तोंडावर पाने येण्याआधी विलोला लवदार तुऱ्यांसारखा फुलोरा येतो आणि तो मागच्या वर्षीच्या काडीवर येतो. सगळे झुडूप कापले तर त्या वर्षी फुलोरा नाही. एरवी बागेत काहीच फुललेले नसताना मधमाश्या या फुलोऱ्यावर येतात, त्यामुळे ज्यांना त्यांची पर्वा आहे त्यांनी एक तृतीयांशाची रीतच पाळावी किंवा फुलोरा संपल्या संपल्या छाटणी करावी. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र कात्री लावू नये, कारण उशिरा आलेली कोवळी फूट पहिल्या दहिवरात काळी पडते.

उंच खोडावर कलम केलेल्या 'हाकुरो निशिकी'ला जमिनीलगत कापणे म्हणजे कलमच घालवणे होय. त्याच्या डोक्यावरच्या काड्या दरवर्षी कलमाच्या गाठीपासून दोन-चार डोळे राखून कापाव्यात, आणि खोडावर किंवा बुंध्याशी येणारी साधी हिरवी फूट दिसताक्षणी खुडावी. ती खालच्या खुंटाची असते आणि राहू दिली तर वरच्या रंगीत वाणाला मागे टाकते. जूनमध्ये टोके हलकी छाटली तर गुलाबी पानांचा दुसरा बहर मिळतो. खोड बारीक असल्यामुळे त्याला काठीचा आधार द्यावा.

कीड, रोग आणि ससे

मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारावा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. काही छोटे चकचकीत भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या पानाचा गर खाऊन फक्त शिरांची जाळी शिल्लक ठेवतात. ते दिसायला भयंकर असते, पण सशक्त झुडूप पुन्हा पालवते. अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात, आणि फुलोऱ्यावर मधमाश्या असताना कोणतेही कीटकनाशक वापरू नये.

उन्हाळ्याच्या अखेरीस पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी-पिवळी भुकटी दिसली तर तो तांबेरा. पावसाळी वसंतात कोवळे धुमारे काळे पडून वाकले आणि काडीवर काळपट चट्टे आले तर तो अधिक गंभीर बुरशीजन्य करपा समजावा; असे धुमारे निरोगी लाकडापर्यंत मागे कापून टाकावेत. दोन्ही रोगांत गळलेली पाने गोळा करून बागेबाहेर द्यावीत, घरच्या कंपोस्टात घालू नयेत, आणि पुढच्या मार्चमध्ये झुडूप आतून थोडे अधिक विरळ करावे, म्हणजे पाने लवकर सुकतात.

हिवाळ्यात थंडीपेक्षा सशांची भीती जास्त. बर्फ पडला की ते कोवळ्या काड्यांची साल सोलून खातात, आणि बर्फाचा थर जितका उंच तितके त्यांचे तोंड वर पोचते. म्हणून झुडपाभोवती बारीक जाळीचे नळकांडे करून ते नेहमीच्या बर्फाच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर वर येईल असे उभे करावे. गोणपाट गुंडाळण्याची मात्र गरज नसते.

काड्यांपासून नवी रोपे

मार्चच्या छाटणीत निघालेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड आणि एका वर्षाच्या काड्या निवडून त्यांचे 20 ते 30 सेंटिमीटरचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा तिरका ठेवला, म्हणजे खालची बाजू कोणती यात गोंधळ होत नाही. दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत किंवा खोल कुंडीत खुपसावा आणि माती सुकू देऊ नये. काड्या पाण्याच्या पेल्यातही सहज मुळे धरतात, पण पाण्यात आलेली मुळे ठिसूळ असतात आणि मातीत हलवताना तुटतात, म्हणून सरळ मातीतच लावणे बरे. वर्षभर कुंडीत वाढवून पुढच्या वसंतात त्या जागेवर न्याव्यात.

उरलेल्या काड्या मटारच्या वेलांना आधार म्हणून उपयोगी पडतात, मात्र त्या आधी उन्हात किंवा गॅरेजमध्ये काही आठवडे कडकडीत वाळवाव्यात. ताज्या काड्या वाफ्यात रोवल्या तर त्या तिथेच रुजतात, आणि ओल्या कंपोस्टच्या ढिगात टाकल्या तर तिथेही.